मोटरची तुटलेली वायर: इनॅमल काढल्याशिवाय डाख धरत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा. ए२२१२, १००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे इथे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे, किलोव्होल्ट नव्हे). रिमोटवरचं विमान नाकावर पडलं आणि एक वायर बुडाशी तुटली. ती तू जोडलीस, आणि तिन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून बाकीच्या दोन वायरीही कापून आखूड केल्यास, तिन्हींना नवे बुलेट कनेक्टर (एकमेकांत बसणाऱ्या गोल पिना) लावलेस. मल्टीमीटर तिन्ही जोड्यांवर बीप देतो. तरी थ्रॉटल दिला की मोटर जागच्या जागी थरथरते, फिरत नाही. "काका, मोटर गेली का?" असं विचारलंयस.

बहुतेक गेलेली नाही. आणि माझा संशय तू जोडलेल्या वायरीपेक्षा तू आखूड केलेल्या दोन वायरींवर जास्त आहे.

माझा मूळ धंदा रिवाइंडिंगचा. विहिरीवरच्या पंपाच्या मोटरी बांधण्यात बरीच वर्षं गेली, या बोटभर मोटरी त्यानंतर हातात आल्या. आकार सोडला तर आतला व्यवहार तोच आहे: पोलादी पत्र्यांचा स्टेटर, त्यावर इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे, आणि बाहेर निघणारी तीन टोकं. त्या टोकांपाशीच निम्मी कामं बिघडतात.

ए२२१२ जातीच्या बऱ्याच मोटरींत आपण ज्यांना वायरी म्हणतो त्या वेगळ्या आणून जोडलेल्या वायरी नसतातच. वाइंडिंगचीच तार स्टेटरमधून सरळ बाहेर येते, पाच-सात किंवा जास्त तारांचा जुडगा असतो, वरून स्लीव्ह चढवलेली असते. टोकाचा जेमतेम सेंटिमीटरभर भाग कारखान्यात इनॅमल काढून, कल्हई करून बुलेटमध्ये बसवलेला असतो. तू वायर कापलीस तेव्हा नेमका तो साफ केलेला तुकडाच कापून टाकलास. उरलेलं टोक तांब्यासारखं तांबूस दिसतं, पण ते तांबं नाही. तांब्यावरचा पारदर्शक इनॅमलचा थर आहे. तारेचा कापलेला काप तेवढा उघडा. सोल्डर त्या कापांना कुठेतरी चिकटतं, बाकी जुडग्याभोवती नुसतं गोठून बसतं. बाहेरून जोड अगदी झकास दिसतो.

गावात कल्हईवाला यायचा ते तुझ्या पिढीनं फारसं पाहिलं नसेल. तो भांडं आधी घासून लख्ख करायचा, तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा आणि मगच कथील फिरवायचा. घासल्याशिवाय कल्हई धरत नाही हे त्याला माहीत होतं. सोल्डरिंगही तेच आहे. फरक इतकाच की इनॅमल ही काजळी किंवा गंज नव्हे, ते मुद्दाम चढवलेलं इन्सुलेशन आहे. कुठलाही फ्लक्स ते खात नाही.

मग बीप का येतो? बहुतेक मल्टीमीटर तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही मिळालं की बीप देतात. तुझ्या मोटरचा दोन टोकांमधला रोध ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे. जुडग्यातली एखादी तार जरी लागली तरी बीप येणारच. जुडग्यात आठ तारा आहेत आणि पाचच लागल्या असं धर, तर त्या फेजचा, म्हणजे तीनपैकी त्या वाइंडिंगचा, रोध १.६ पट होतो. अशी मोटर हळू फिरेल, थ्रॉटल वाढवला की अडखळेल आणि एका बाजूनं तापेल. एकच तार लागली असेल, तर जे तू पाहतोयस ते होतं. सेन्सर नसलेला ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, मोकळ्या फेजवरचा व्होल्टेज बघून रोटर कुठे आहे ते ओळखतो. एक फेज नीट लागलेलीच नसली की त्याला काही उमगत नाही. तो ठोकर देतो, रोटर पुढे-मागे हलतो, पुन्हा ठोकर देतो. तीच थरथर. अशा अवस्थेत थ्रॉटल एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नकोस. मोटर फिरत नसताना प्रवाह जातच असतो, आणि ईएससीतले मॉस्फेट (प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) त्यातच जळतात. माझा एक ईएससी असाच गेलाय. नव्या मोटरच्या लांब वायरी डोळ्यांना खुपत होत्या म्हणून मी त्या छान मापात कापल्या, इनॅमल खरवडलं असं मला वाटलं होतं, आणि "आत्ता सुटेल" म्हणत थ्रॉटल धरून ठेवला. ही गोष्ट रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाकडून घडली, म्हणून तुला इतकं ताणून सांगतोय.

आधी खात्री करू. सगळ्यात पहिलं, प्रॉप (प्रोपेलर) काढून ठेव. हे काम संपेपर्यंत प्रॉप त्या खोलीतही नको.

पहिली तपासणी हातानं करायची. तीनपैकी दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकव आणि बेल, म्हणजे बाहेरचा फिरणारा डबा, बोटानं फिरव. जड लागेल, कारण मोटर जनित्र होते आणि स्वतःलाच अडवते. असं तिन्ही जोड्यांवर करून बघ. तिन्ही वेळा सारखाच जडपणा हवा. एखादी जोडी हलकी लागली तर त्या जोडीत खोट आहे. दोन जोड्या हलक्या आणि एक जड असेल, तर दोन्ही हलक्या जोड्यांत जी वायर सामाईक आहे ती गुन्हेगार.

दुसरी तपासणी जास्त पक्की आहे. साधा मल्टीमीटर ओहमच्या शंभराव्या भागातला फरक दाखवू शकत नाही, प्रोबच्या वायरींचाच रोध त्याहून मोठा असतो. त्यासाठी जुनी युक्ती: १२ व्होल्टची बॅटरी घे, तिच्याशी सिरीजमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लाव, आणि तो प्रवाह मोटरच्या दोन वायरींतून जाऊ दे. बल्बमुळे प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडून राहतो, मोटरला काही होत नाही. आता मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याच दोन वायरींवर मोज. प्रोब बॅटरीच्या चिमट्यांच्या आतल्या बाजूला, प्रत्यक्ष मोटरच्या धातूवर टेकव. दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास काहीतरी दिसेल. आकडा किती यापेक्षा तीन जोड्यांचे तीन आकडे एकमेकांशी किती जुळतात ते महत्त्वाचं. पाचएक टक्क्यांचा फरक मी सोडून देतो. त्यापुढे नाही. वायरीच्या जोडातच खोट असली की ती वायर ज्या दोन जोड्यांत येते ते दोन्ही आकडे वाढलेले दिसतात आणि तिसरा ठीक असतो.

तिसरी, वायर आणि स्टेटरचं पोलाद यांच्यात कंटिन्युइटी बघ. बीप आला नाही पाहिजे. आला तर विमान पडताना एखाद्या तारेचं इनॅमल सोललं असेल, किंवा दुसरंच कारण, जे मी वारंवार पाहतो: मोटर बसवायचा स्क्रू लांब असतो आणि बुडातून आत घुसून वाइंडिंगला टेकतो. स्क्रू काढून पुन्हा बघ. कित्येकदा बिचारी वायर उगाच बदनाम झालेली असते.

आता दुरुस्ती. बेल काढायची. शाफ्टच्या बुडाशी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असेल किंवा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू). सर्क्लिप सुटताना उडतो, म्हणून मोटर पारदर्शक पिशवीत धरून काढ. बेल बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेव. आतले निओडिमियमचे चुंबक टेबलावरचा लोखंडाचा कीस, तुटलेल्या ब्लेडचा कण, सगळं ओढून घेतात आणि मग तो कण त्या केसभर फटीत घासत राहतो. शिवाय या चुंबकांच्या साध्या प्रतीला ८० अंशांच्या वर ताप सोसत नाही, कायमची ताकद कमी होऊ शकते. सोल्डरिंगची बिट लोखंडाचा मुलामा दिलेली असते, बेल जवळ असली तर तीही खेचली जाते. बेल लांबच बरी.

स्टेटर हातात आला की तुटलेल्या टोकाकडे नीट बघ. इथेच ठरतं की काम सोपं आहे की किचकट. तार बाहेर ८-१० मिमी शिल्लक असेल तर उत्तम. ३-४ मिमी असेल तर जमतं, हात स्थिर हवा. स्टेटरला लागूनच तुटली असेल तर स्टेटरच्या त्या शेवटच्या दातावरचा एक वेढा उलगडून लांबी मिळवावी लागते. तुझी मोटर १३ वेढ्यांची असेल (लेबलवर १३टी असतं ते हेच), तर एका फेजमध्ये चार दात, म्हणजे ५२ वेढे. त्यातला एक कमी झाला तर दोन टक्क्यांच्या आत फरक पडतो. शिकाऊ विमानाला हे चालतं. शर्यतीच्या ड्रोनला मी असं करणार नाही, पूर्ण रिवाइंड करीन. वेढा उलगडताना तार एकदाच वाकव. पुढे-मागे केलंस तर तिथेच तुटेल आणि आणखी एक वेढा जाईल.

टोकं कोणती कोणाची याचा फोटो आधी काढून ठेव. डेल्टा जोडणीत प्रत्येक वायरीत दोन कॉइलची टोकं एकत्र येतात. एकाच कॉइलचं टोक पकडून जोडलंस आणि दुसरं आत लोंबत राहिलं, तर सगळं निर्दोष सोल्डर करूनही मोटर ठोकराच खाईल. शाबूत असलेल्या वायरीत तारा किती आहेत ते मोज. तुटलेल्या जागीही तितक्याच सापडल्या पाहिजेत. एक जरी कमी भरली तरी पुढे जाऊ नकोस, भिंगाखाली शोध.

मग खरवडणं. सगळ्या कामाचा जीव यात आहे, म्हणून घाई करू नकोस. जुडगा केरसुणीसारखा फाकव, प्रत्येक तार सुटी कर. जाड तार असेल तर ब्लेडचं पातं जवळजवळ आडवं धरून, तार फिरवत, आतून बाहेरच्या दिशेनं खरवड. पातं उभं धरलंस तर तांब्यात खाच पडते, आणि कंपनानं तार बरोबर त्या खाचेत तुटते. बारीक तारेला ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून चिमटीत धर आणि तार त्यातून ओढ, चारी बाजूंनी. इनॅमलच्या खालचं खरं तांबं गुलाबीसर आणि मऊ चमकेचं असतं. इनॅमलचा रंग जरा काळपट तांबूस, काचेसारखा. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलंस की पुढे डोळा चुकत नाही.

लायटरनं जाळून इनॅमल काढणारे खूप आहेत. मी करत नाही. बारीक तार लाल होते, तांबं भुरकट होतं, काळा ऑक्साइड चढतो आणि तो पुन्हा खरवडावा लागतोच. शिवाय धग आत स्लॉटपर्यंत जाते आणि जिथलं इन्सुलेशन हवं तिथलंही जातं. काही तारांचं इनॅमल पॉलियुरेथेनचं असतं, ते ३८०-४०० अंशांच्या बिटखाली सोल्डरच्या थेंबात पाच सेकंद धरलं की आपोआप निघतं. पण जास्त ताप सोसणाऱ्या मोटरींची तार अशी विरघळत नाही. एका तारेवर करून बघ. रुपेरी झाली तर ठीक, सोल्डर ओघळून गेलं तर पातं घे. दोन्ही परिस्थितीत खिडकी उघडी ठेव आणि पंखा धूर तुझ्यापासून दूर नेईल असा लाव. पॉलियुरेथेन जळताना निघणारा धूर फुप्फुसांना वाईट आहे. दमा असेल त्यानं हा मार्ग घेऊच नये.

खरवडून झालं की प्रत्येक तारेला वेगवेगळी कल्हई कर. जुडग्याला एकत्र नाही. एकेक तार चारी बाजूंनी रुपेरी झालेली दिसली पाहिजे. जिथे तांबूस ठिपका राहिला तिथे पुन्हा पातं. हे एकदा पटलं की मग तारा पिळून एकत्र कर आणि जुडग्यावर पुन्हा एकदा सोल्डर फिरव.

सोल्डर ६३/३७ चं (कथील ६३, शिसं ३७ टक्के) घे, १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मध्ये चिखलासारखी अवस्था नाही. ६०/४० ही चालेल. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळतं, हात बसलेला नसेल तर त्रास होतो, आणि त्याचा चांगला जोडही थोडा मंद दिसतो, त्यामुळे नवख्याला ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड) ओळखता येत नाही. शिशाचं वापरलंस तर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

फ्लक्स म्हणून राळ. सोल्डर वायरीच्या पोटात असते ती पुरते, वर थोडी आणखी लागली तर तीही राळच. पत्र्याच्या कामाचं आम्ल, नवसागर, असलं काही मोटरजवळ आणायचं नाही. भांड्याला नवसागर चालतो कारण भांडं धुता येतं. वाइंडिंगमध्ये शिरलेलं आम्ल धुऊन निघत नाही, ते तारेच्या फटीतून चढतं आणि एका पावसाळ्यात जोड हिरवा होऊन तुटतो. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तर त्याहून लवकर.

सोल्डरिंग आयर्नबद्दल दोन शब्द. २५ वॅटची आयर्न आणि पेन्सिलसारखी टोकदार बिट घेऊन १६ गेजची वायर तापवणं म्हणजे काडेपेटीवर आंघोळीचं पाणी तापवणं. टोक थंड पडतं, मग माणूस ते वीस सेकंद दाबून धरतो, तेवढ्या वेळात धग वायरीतून वर चढते, स्लीव्ह आक्रसते, आतलं इनॅमल करपतं. ६० वॅट, चपटी बिट, ३५०-३८० अंश, आणि तीन-चार सेकंदांत काम संपवायचं. जास्त ताप आणि कमी वेळ हे मोटरला कमी ताप आणि जास्त वेळ यापेक्षा सोसतं.

नवी वायर सिलिकॉनची घे. तिचं आवरण २०० अंशांपर्यंत टिकतं, पीव्हीसीचं सोल्डर करतानाच मागे सरकतं. तुझ्या मोटरला १८ एडब्ल्यूजी (वायरीचा गेज, आकडा लहान तितकी वायर जाड) पुरेशी आहे, १६ घेतलीस तर निश्चिंत. चांगल्या सिलिकॉन वायरीत ०.०८ मिमीच्या बारीक तारा असतात, १८ मध्ये १५०, १६ मध्ये २५२, १४ मध्ये ४००. म्हणूनच ती दोऱ्यासारखी लवते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण घेताना टोक सोलून बघ. आवरण जाड आणि आत तांबं कमी, असा माल असतो. त्याहून वाईट म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ब्लेडनं एक तार खरवडून बघ, आत पांढरी निघाली तर परत दे. ती वाकवली की लवकर तुटते आणि तांब्यापेक्षा जास्त तापते.

जोड देताना वाइंडिंगचं टोक आणि नवी वायर शेजारी-शेजारी ६ ते ८ मिमी एकावर एक ठेव. वायरीतली एकच सुटी तार घेऊन दोन्हींभोवती पाच-सहा घट्ट वेढे दे. आता सोडलंस तरी ते एकमेकांना धरून राहतात, तिसरा हात लागत नाही. मगच बिट लाव. बिट खालून, सोल्डर वरून. सोल्डर बिटला नाही, तांब्याला लावायचं. तांबं तापलं की ते स्वतः ओढून घेतं. वितळलेलं असताना हललं तर दाणेदार, मळकट दिसेल. ते पुन्हा तापवून, राळ लावून, न हलवता गार होऊ दे. गोळा नको, आतल्या वेढ्यांचा आकार बाहेरून कळला पाहिजे. टोकदार काटा राहिला असेल तर कानशीनं काढ, नाहीतर तो स्लीव्ह फाडतो.

त्यावर आधी काचधाग्याची स्लीव्ह, आमच्याकडे वाइंडिंगला वापरतात तीच, आणि वरून हीट श्रिंक. फक्त श्रिंकवर मी अवलंबून राहत नाही. नेहमीची श्रिंक १२५ अंशांपर्यंतची असते आणि विमानाची मोटर जोर लावून उडताना आतून तिथवर जाऊ शकते. आणि हो, श्रिंकचा तुकडा जोड देण्याआधी वायरीत ओवायचा, जोडापासून लांब सरकवून.

वायर मुळात तुटली का, ते आता बघू, नाहीतर पुढच्या पडझडीत पुन्हा तिथेच तुटेल. विमान पडलं हे निमित्त. सोल्डर वायरीत जिथवर शोषलं जातं तिथवर वायर सळईसारखी ताठ होते आणि त्यापुढे दोऱ्यासारखी मऊ. कंपन आलं की सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं. तार दर फेरीला त्याच जागी वाकते आणि एक दिवस तुटते. म्हणून जोड आणि त्याच्या पुढची १० मिमी वायर, दोन्ही हलता कामा नयेत. पंपाच्या मोटरीत आम्ही वाइंडिंगचं डोकं दोऱ्यानं करकचून बांधतो आणि वर वॉर्निश ओततो, ते शोभेसाठी नसतं. इथेही तेच: वायर स्टेटरच्या बुडाशी सुती किंवा टेरिलिनच्या दोऱ्यानं तीन-चार वेढे बांध आणि वर सावकाश सुकणारं इपॉक्सी लाव, रात्रभर राहू दे. ग्लू-गन नको, मोटर तापली की तो गोंद मऊ होतो. पटकन चिकटणारा पाण्यासारखा गोंदही नको, तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि कंपनानं निसटतो. इपॉक्सी सुकल्यावर बेल बसवून हातानं फिरव आणि कान लाव. खसखस आवाज आला तर जोड किंवा श्रिंक बेलला घासतेय. तसंच चालवलंस तर एका उड्डाणात स्लीव्ह फाटून फेज उघडी पडेल.

त्याच्या पुढे वायर ताणलेली ठेवू नकोस. मोटरपासून पहिल्या बांधणीपर्यंत थोडा झोल असू दे.

लांबीबद्दल मुलं नेहमी विचारतात. पंखातल्या मोटरपर्यंत पोचायला वायर वाढवायची असेल तर ईएससी ते मोटर ही बाजू वाढव, बॅटरी ते ईएससी नाही. १८ गेजची वायर मीटरला २१ मिलिओहमच्या आसपास रोध देते. १० सेंमी वाढवलीस तर दोन वायरी मिळून ४ मिलिओहम, २० अँपिअरला दीड-पावणेदोन वॅट गेले. सोसतं. बॅटरीची बाजू वाढवली की वायरीच्या इंडक्टन्समुळे ईएससीच्या तोंडाशी व्होल्टेजचे झटके वाढतात आणि त्याचा कपॅसिटर तापून फुगतो. तिकडची वायर वाढवावीच लागली तर ईएससीपाशी लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर जादा लावतात, ढोबळ हिशेब दर १० सेंमीला २२० मायक्रोफॅरड.

बुलेट ३.५ मिमीचे. मोटरला नर, ईएससीला मादी, कारण प्रवाह ईएससीकडून येतो आणि सुटलेला असताना तो झाकलेला असायला हवा. लाकडाच्या तुकड्यात बुलेटच्या मापाचं भोक पाडून त्यात उभा कर. पक्कडीत धरलास तर पक्कड सगळी धग पिऊन टाकते. वाटी अर्धी सोल्डरनं भर, वितळलेली असतानाच कल्हई केलेली वायर आत सोड, दहा सेकंद श्वास रोखून धर. तुझ्या आखूड केलेल्या दोन वायरींना नवी सिलिकॉन वायर लावायची गरज नाही. बुलेट काढ, टोकं फाकव, खरवड, एकेक तारेला कल्हई कर, पुन्हा बुलेट बसव. कदाचित तेवढ्यानंच मोटर फिरेल.

तू शेवटी कॉलेजच्या रोबोटच्या पिवळ्या बीओ मोटरीबद्दलही (प्लास्टिकच्या गिअरबॉक्सची छोटी डीसी मोटर) विचारलं होतंस. तिथे इनॅमलची भानगड नाही, शत्रू वेगळा आहे. वायर जोडायच्या पत्र्याच्या पट्ट्या प्लास्टिकच्या झाकणात बसवलेल्या असतात, आणि पट्टीच्या आतल्या टोकाला ब्रश असतो. बिट जास्त वेळ धरली की प्लास्टिक मऊ होतं, पट्टी कलंडते, ब्रश कॉम्युटेटरवरून सरकतो. बाहेरून सगळं ठीक आणि मोटर मुकी. इथे मात्र २५ वॅटची आयर्न योग्य. पट्टी आधी ब्लेडनं घास, पट्टी आणि वायर दोन्हीला आधी कल्हई कर, मग नुसतं टेकव, दोन सेकंद. वायर भोकातून ओवून घे म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही, आणि गिअरबॉक्सला टायनं बांध. दोन्ही पट्ट्यांमध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर लाव, ब्रशच्या ठिणग्यांनी तुझा कंट्रोलर मध्येच रिसेट होतो त्याला तोच उपाय. तळहाताएवढ्या ड्रोनच्या ७२० आणि ८५२० या कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरींची वायर झाकणाला लागून तुटली असेल तर मात्र वेळ घालवू नकोस, नवी घे.

सगळं झालं की बेल बसव, सर्क्लिप लाव, आणि प्रॉप न लावता वीस-तीस सेकंद हळू चालव. उलटी फिरली तर कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल कर. बंद करून बोट लाव. तिन्ही जोड कोमट असतील, एखादाच गरम लागला तर तिथे अजून तार सुटलेली आहे. आणि बल्ब लावून मोजलेले ते तीन मिलिव्होल्टचे आकडे मला पाठव, दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही.